‘संप’ की ‘बंड’? : मुंबईच्या नाविकांच्या उठावाचे नामकरण आणि त्याचे परिणाम

सन १९४६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १८ तारखेस मुंबईत कुलाबा भागातील ‘तलवार’ ह्या नौदलाच्या संदेशशिक्षण-केंद्रातील नाविकांनी सकाळच्या न्याहारीस हात लावला नाही व कामावर जाण्याचेही नाकारले. दुसऱ्या दिवशी बंदरातील बहुतेक युद्धनौका त्यांस येऊन मिळाल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टण येथील नौका व तळ ह्यांपर्यंत हे लोण पोहोचले. आणि २३ तारखेस पहाटे सर्व काही संपले. सर्वसाधारणपणे मान्य झालेल्या हिशेबाप्रमाणे ७८ नौका, २० किनाऱ्यावरील तळ व सुमारे २०,००० नाविक ह्या घटनेत सहभागी होते. एवढ्या अल्प मुदतीच्या ह्या घटनेस इतिहासलेखनात निदान चार नावे मिळालेली आहेत : संप, बंड, उठाव आणि क्रांती. लेखकाच्या राजकीय मतानुसार ह्यांपैकी एखादे नाव निवडले जाते, आणि वाचकही ते शैलीचा भाग म्हणून वाचून पुढे जातो.

वस्तुतः नावाचा हा वाद मागाहून ग्रंथकारांनी उपस्थित केलेला नाही. घटना घडत असतानाच, बंदुका झडत असताना, तो प्रत्यक्ष पक्षांमध्ये चालू होता. नाविक आपल्या कृतीस एका नावाने ओळखत होते, सरकार दुसऱ्या नावाने. आणि पुढाऱ्यांना दोन्ही नावे गैरसोयीची होती. त्या नाविकांचे पुढे काय झाले हे मोठ्या अंशी ह्या वादाच्या निकालावर ठरले. म्हणून ह्या घटनेची हकीकत तिच्या नावांच्या अंगाने तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

मराठीपुरते बोलावयाचे तर ‘बंड’ ह्या शब्दाशी आपला परिचय जुना आहे. विष्णुभट गोडसे ह्यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथाच्या उपशीर्षकात १८५७ च्या ‘बंडाची हकीकत’ असाच निर्देश आहे, आणि तो करताना भटजींच्या मनात शिपायांविषयी तिरस्कार होता असे त्यांचे पुस्तक वाचणारा कोणी म्हणणार नाही. त्याच घटनेस सावरकरांनी ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले तेव्हा ‘बंड’ हा शब्द प्रथमच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. तेव्हापासून हा शब्द मराठीत दुहेरी जीवन जगत आहे. सरकारदप्तरी तो गुन्हा आहे. साहित्यात आणि सामाजिक चळवळीत तो गौरव आहे.

‘संप’ ह्या शब्दाचा इतिहास निराळा. त्याचा मूळ अर्थ एकोपा, संगनमत असा आहे. गुजरातीत तो आजही ऐक्य ह्याच अर्थी चालतो. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारचळवळीबरोबर मराठीत ‘सर्वांनी मिळून काम बंद करणे’ हा अर्थ त्यास चिकटला व मूळ अर्थ मागे पडला. तथापि त्याची एक खूण शिल्लक आहे. एकटा मनुष्य बंड करू शकतो, अगदी घरातल्या घरातही करू शकतो. परंतु एकटा मनुष्य संप करू शकत नाही. ह्या भेदाचा पुढे उपयोग होणार असल्यामुळे तो येथे नोंदवून ठेवणे इष्ट.

आता प्रत्यक्ष घटनेकडे वळता येईल. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव १९३४ मध्ये मिळालेले दल दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी अगदीच लहान होते. त्याचे मनुष्यबळ दोन हजारांच्या आसपास होते. युद्ध संपेपर्यंत ते पंचवीस-तीस हजारांच्या घरात गेले. ह्या वाढीने दलाची रचनाच बदलली. पूर्वीचा भरणा प्रामुख्याने रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान व पंजाबी मुसलमान ह्यांचा असे. समुद्र हा त्यांपैकी अनेकांचा पिढीजात व्यवसाय होता. युद्धकाळात मद्रास, बंगाल, पंजाब, महाराष्ट्र, सगळीकडची इंग्रजी शिकलेली तरुण मुले भरती झाली. बिनतारी यंत्र चालविणे, सांकेतिक संदेश घेणे व उलगडणे ह्यांसाठी नौदलास अशीच मुले हवी होती. ‘तलवार’ हे अशा मुलांचे विद्यालय होते. उठावाचा आरंभ तोफखान्यात किंवा यंत्रशाळेत न होता संदेशविद्येच्या शाळेत झाला, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. वर्तमानपत्रे वाचणारी, आझाद हिंद सेनेच्या लाल किल्ल्यातील खटल्याची बातमी परस्परांत पसरविणारी आणि एका नौकेवरून दुसरीवर क्षणात शब्द पोहोचविणारी मंडळी येथे एकत्र झाली होती.

‘तलवार’ ही नौका नव्हती, ह्याचाही उल्लेख केला पाहिजे. ती कुलाब्याच्या जमिनीवर उभी असलेली इमारत होती; परंतु नौदलाच्या परिभाषेत ती ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ होती. तिची जमीन म्हणजे डेक, आणि फाटकाबाहेर रस्त्यावर पाऊल टाकणे म्हणजे किनाऱ्यावर जाणे. बाहेरच्यास ही गंमत वाटेल. पण तिचा कायदेशीर अर्थ असा, की त्या फाटकाच्या आत देशाचा सामान्य कायदा चालत नसून समुद्रावरचा कायदा चालत होता.

बलाईचंद दत्त हा तरुण बंगाली तारायंत्री युद्धातून परतला होता. १ डिसेंबर १९४५ रोजी, नौदलदिनानिमित्त नागरिकांसाठी ‘तलवार’चे दरवाजे उघडावयाचे होते, त्या दिवशी भिंतींवर साम्राज्यविरोधी घोषणा रंगविलेल्या आढळल्या. पुढे २ फेब्रुवारी १९४६ रोजी, सरसेनापती ऑकिनलेक भेटीस यावयाचे असताना, ‘जय हिंद’ आणि ‘चले जाव’च्या घोषणा रंगविल्याच्या आरोपावरून दत्त पकडला गेला. आर. के. सिंग ह्या त्याच्या सहकाऱ्याने त्याआधीच एक विलक्षण गोष्ट केली होती. त्याने नौदलाचा राजीनामा दिला. अधिकारी राजीनामा देऊ शकत असे. साध्या नाविकाच्या बाबतीत त्या शब्दास अर्थच नव्हता. अर्थ नसलेला शब्द उच्चारल्याबद्दल त्यास तुरुंगवास घडला.

‘तलवार’चा प्रमुख कमांडर किंग ह्याने ८ फेब्रुवारीस नाविकांना ज्या शिव्या दिल्या त्या चौकशीत नमूद झाल्या आहेत. त्यांत ‘कुलींची पोरे’ आणि ‘जंगल्यांची पोरे’ हे दोन प्रयोग होते. भाषेच्या अभ्यासकास हे लक्षणीय वाटेल, की अपमानासाठी वापरलेले हे दोन्ही शब्द इंग्रजीने हिंदुस्थानातूनच उचललेले होते. उसना घेतलेला शब्द मालकाकडे परत येतो तेव्हा त्यावर व्याज चढलेले असते. वैनगंगेच्या पूर्वेकडील भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत ‘झाडी’चा रहिवासी असणे हा मनुष्याचा पत्ता आहे, तेथील बोलीसही झाडीबोली असेच नाव आहे. साहेबाच्या तोंडी मात्र रानाचा हाच संबंध माणसाची किंमत ठरविणारा झाला.

नाविकांनी किंगविरुद्ध तक्रारी केल्या. येथे नियमांची एक अडचण उभी राहिली. नौदलाच्या नियमांत सामूहिक तक्रारीस मनाई होती. ज्याने त्याने आपली तक्रार स्वतंत्रपणे, स्वतःपुरती मांडावयाची. म्हणजे शिवी सर्वांना मिळून दिलेली, तिची दाद मात्र एकेकट्याने मागावयाची. नौदलाच्या व्याकरणात ‘मी’ होता, ‘आम्ही’ नव्हता. दहा दिवस दाद लागली नाही, आणि १८ तारखेस नाविकांनी ‘आम्ही’ हा पुरुष स्वतःच निर्माण केला.

१९ तारखेस ‘नौदल मध्यवर्ती संप समिती’ निवडण्यात आली; सिग्नलमन एम. एस. खान अध्यक्ष आणि तारायंत्री मदनसिंग उपाध्यक्ष. समितीने स्वतःच्या नावात ‘संप’ हा शब्द घातला, तो विचारपूर्वक होता असे तिच्या मागण्यांवरून दिसते. चांगले अन्न, गोऱ्या नाविकांइतके वेतन व कुटुंबभत्ता, युद्धोत्तर मुक्ततेची त्वरित व्यवस्था, नोकरी सोडताना गणवेशाचे कपडे परत न घेणे, किंगवर कारवाई, ह्या मागण्या कोणत्याही कामगारसंघास शोभल्या असत्या. त्यांच्या जोडीस आझाद हिंद सेनेतील व इतर राजबंद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत आणणे ह्या मागण्या होत्या. त्या कोणत्याही कामगारसंघाच्या नव्हत्या. समितीने दलाचे नावही बदलून ‘इंडियन नॅशनल नेव्ही’ असे केले. डोलकाठ्यांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन ध्वज एकत्र चढले. तेव्हा ‘संप’ हे नाव घटनेच्या अर्ध्या भागाचेच वर्णन करते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. नाविकांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. ज्या शब्दाने आपली कृती निःशस्त्र, सनदशीर व समजण्याजोगी दिसेल तो शब्द त्यांनी निवडला.

ह्या निवडीमागे ताजा दाखला होता, आणि तो गोऱ्यांनीच घालून दिला होता. जानेवारी १९४६ मध्ये कराचीनजीकच्या ड्रिग रोड येथील तळावर रॉयल एअर फोर्सच्या ब्रिटिश सैनिकांनी, युद्ध संपूनही घरी पाठवीत नाहीत म्हणून, काम करण्याचे नाकारले. ही लाट कानपूर, अलाहाबाद, सिलोन व सिंगापूरपर्यंत पसरली. त्यांच्यापैकी थोड्यांवर पुढे खटले झाले. परंतु त्या वेळी सर्वत्र ह्या घटनेचा उल्लेख ‘संप’ असाच झाला आणि तिच्यावर तोफा रोखल्या गेल्या नाहीत. नाविकांचा उठाव मोडल्यानंतर व्हाइसरॉय वेव्हेल ह्यांनी पंतप्रधान ॲटली ह्यांस कळविले, की वास्तविक जे बंडच होते ते करूनही रॉयल एअर फोर्सचे लोक सहीसलामत सुटले, आणि प्रस्तुत प्रकारास त्या उदाहरणाचीही काही जबाबदारी आहे. ह्या कबुलीचे मोल फार आहे. एकच कृती, एकच कायदा. गोऱ्याने केली तर तिचे नाव संप, काळ्याने केली तर बंड, हे साम्राज्याच्या सर्वोच्च प्रतिनिधीने खासगी पत्रात मान्य केल्यासारखेच आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता नाविकांच्या शब्दास आधार नव्हता. नौदलाच्या शिस्तीच्या कायद्यास ‘संप’ ठाऊकच नव्हता. त्यास ‘म्युटिनी’ ठाऊक होती. तिचे हिंसायुक्त व हिंसारहित असे दोन वर्ग तो करीत असे. अन्न नाकारून स्वस्थ बसणारे नाविक दुसऱ्या वर्गात पडत. येथे आधी नोंदविलेल्या भेदाकडे पुन्हा वळावे लागते. सैनिकी कायद्यात एकट्याची अवज्ञा ही ‘म्युटिनी’ होत नाही. ती आज्ञाभंग होते. ‘म्युटिनी’ होण्यास एकाहून अधिक माणसे लागतात, त्यांचे संगनमत लागते. म्हणजे ज्यास इंग्रज कायदा म्युटिनी म्हणतो त्याचा गाभा मराठी ‘बंडा’त नसून ‘संपा’च्या मूळ अर्थात आहे. शिक्षा अवज्ञेस होती त्याहून अधिक एकोप्यास होती. ‘म्युटिनी’चे भाषांतर ‘बंड’ असे करणाऱ्या आपल्या कोशकारांनी आणि वृत्तसंपादकांनी ह्या शब्दाचा हा अर्धा भाग हरवला, असे म्हणावे लागते.

२० तारखेस नाविकांना बराकींत परतण्याचा हुकूम झाला व भोवती पहारे बसले. २१ तारखेस कॅसल बॅरॅक्समधील नाविक बाहेर पडू लागताच गोळीबार झाला. पहिला पहारा मराठा पलटणीच्या शिपायांचा होता. पुढे त्यांच्या जागी गोरी पलटण आणली गेली. नाविकांनी शस्त्रागार फोडून प्रत्युत्तर दिले आणि कित्येक तास चकमक चालली. त्याच दिवशी नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे ह्यांनी नभोवाणीवरून जाहीर केले, की संपूर्ण नौदलाचा नाश झाला तरी चालेल, पण उपलब्ध असलेले सर्व बळ वापरण्यात येईल. ह्या भाषणानंतर ‘संप’ ह्या शब्दास जागाच उरली नाही. आपल्या नोकरांच्या संपावर कोणी मालक आपला कारखाना तोफेने उडवून देण्याची भाषा करीत नाही. २२ तारखेस कराचीस ‘हिंदुस्थान’ नौकेवर किनाऱ्यावरून तोफा डागल्या गेल्या व थोड्याच वेळात तिला शरण जावे लागले. मुंबई बंदरावरून बॉम्बफेकी विमाने खालून उडत गेली.

नावाच्या ह्या वादात मुंबई शहराने आपल्या परीने कौल दिला. गेटवे ऑफ इंडियापाशी लोक अन्नाच्या पुड्या घेऊन जमले, दुकानदारांनी हवे ते न्या म्हणून सांगितले, आणि ते अन्न होड्यांतून नौकांवर गेले. न्याहारी नाकारून सुरू झालेल्या लढ्यास नागरिकांनी अन्न पुरवून उत्तर द्यावे ह्यात एक सरळपणा आहे. २२ तारखेस कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेस प्रतिसाद देऊन सुमारे तीन लक्ष कामगार बाहेर पडले व जवळजवळ सर्व गिरण्या बंद राहिल्या. गिरणगावच्या माणसास ‘संप’ हा शब्द कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. समुद्रावरील संपास त्याने जमिनीवरील संपाने साथ दिली. परळ व डिलाईल रोड भागांत लष्कराच्या गोळीबाराने जे घडले ते मुंबईने पूर्वी पाहिले नव्हते. परळच्या महिला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून मृत्यू पावल्या व कुसुम रणदिवे जखमी झाल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे दोन-तीन दिवसांत २२८ नागरिक मारले गेले आणि १,०४६ जखमी झाले. नाविकांच्या उठावात नाविकांपेक्षा नागरिकच कितीतरी अधिक संख्येने मेले, ही वस्तुस्थिती आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

पुढाऱ्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. तिचे समर्थन करणे हा वेगळा प्रश्न. १९ तारखेसच लंडनमध्ये त्रिमंत्री शिष्टमंडळाची घोषणा झाली होती. (हे शिष्टमंडळ नाविकांच्या उठावामुळे नेमले गेले हा समज कालक्रमास धरून नाही, तो निर्णय ब्रिटिश मंत्रिमंडळाने जानेवारीतच घेतला होता.) सत्तांतर दृष्टिपथात आले असता, जे सैन्य उद्या आपले व्हावयाचे त्याची शिस्त आज मोडू देणे सरदार पटेलांना मान्य नव्हते, आणि तसे त्यांनी मार्चमधील एका पत्रात स्पष्ट लिहिले. महात्मा गांधींनी ‘संप’ आणि ‘बंड’ ह्या दोहोंस बाजूला सारून तिसरा शब्द पुढे केला. नोकरी अपमानास्पद असेल तर ती सोडावी, असे त्यांचे म्हणणे होते. हिंसेसाठी झालेली हिंदु-मुसलमानांची एकजूट त्यांना अपवित्र वाटली. त्यावर अरुणा असफअली ह्यांनी, घटनात्मक वाटाघाटींपेक्षा मोर्चेबंदीच्या आडोशाने हिंदु-मुसलमान एक होणे सोपे आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. गांधींनी सुचविलेला राजीनाम्याचा मार्ग आर. के. सिंगने आधीच चोखाळून पाहिला होता, आणि तो कोठे जातो हे ‘तलवार’वरील प्रत्येकास ठाऊक होते. ह्या एका तपशिलाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गांधींची भूमिका तत्त्वतः सुसंगत असूनही नाविकांना ती पोकळ वाटली असल्यास नवल नाही.

सरदार पटेल व मुस्लिम लीग ह्या दोहोंकडून शरण जाण्याचा सल्ला आला. कोणावर सूड उगविला जाऊ नये ह्यासाठी प्रयत्न करू, असे आश्वासन पटेलांनी दिले. २३ तारखेस सकाळी सहा वाजता समितीने शरणागती पत्करली. अखेरच्या निवेदनात समितीने आपण ब्रिटनला नव्हे तर भारताला शरण जात आहोत असे म्हटले, आणि त्या निवेदनातही आपल्या कृतीस ‘संप’ असेच संबोधिले. शेकडो नाविकांची मुलुंडच्या छावणीत रवानगी झाली.

येथून चौकशीकडे वळण्यापूर्वी मध्यप्रांताकडे पाहणे आवश्यक आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या ह्या प्रांताचा नौदलाशी काय संबंध, असा प्रश्न सहज सुचेल. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला). गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबई-कलकत्ता मार्गावरून तेथे सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी अरुंदमापी रेल्वे फुटे. ह्या लहानग्या रेल्वेच्या दुसऱ्या टोकास, त्याच प्रांतातील जबलपूर येथे, २७ फेब्रुवारीस लष्कराच्या संदेशशिक्षण-केंद्रातील भारतीय शिपाई कामावर गेले नाहीत. मोर्चाने बराकींबाहेर पडले. सुमारे १,७०० सैनिक त्यात सामील झाले. वेतनातील भेद, अन्न, राहण्याच्या जागा ह्या तक्रारी त्यांच्याही होत्या, आणि मुंबईस नाविकांवर झालेल्या गोळीबाराचा संतापही होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे प्रकरण मिटले. मुंबई आणि जबलपूर ह्या दोन्ही ठिकाणी आरंभ संदेशविद्येच्या शाळेतच व्हावा, हे साम्य इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा निसटलेले आहे. नौदलाची लाट भूदलास कोठे स्पर्श करते, हीच सरकारची खरी भीती होती. आणि तिने पहिला ठळक स्पर्श एखाद्या बंदरात न करता सातपुड्याच्या पलीकडे, रानातून जाणाऱ्या रेल्वेच्या शेवटच्या स्थानकाशी केला.

चौकशी आयोगाचे अध्यक्षपद पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फाझल अली ह्यांच्याकडे देण्यात आले. न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार व मेहरचंद महाजन, तसेच व्हाइस ॲडमिरल पॅटरसन व मेजर जनरल रीस हे त्यांचे सहकारी होते. आयोगाचे मत असे पडले, की मूळ कारण दीर्घकाळ दाद न लागलेल्या नोकरीविषयक तक्रारींतून आलेला व्यापक असंतोष हे होते आणि राजकीय परिस्थितीने तो भडकविला. म्हणजे कारणे ‘संपा’ची आढळली, घटनेस नाव मात्र ‘म्युटिनी’ हेच राहिले. आयोगाचा हा अहवाल जानेवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्याच फाझल अलींच्या अध्यक्षतेखाली पुढे १९५३ मध्ये राज्यपुनर्रचना आयोग नेमण्यात आला, आणि १९५५ च्या अहवालात त्या आयोगाने भंडाऱ्यासह मध्यप्रांतातील आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले. ती शिफारस अमलात आली नाही, हे सर्वविदित आहे. नाविकांच्या कृतीस कोणते नाव द्यावे ह्या प्रश्नावर ज्या न्यायाधीशाने सावध मौन पाळले त्यासच दहा वर्षांनी मराठी भाषिकांनी कोणत्या नावाच्या राज्यात राहावे हे सुचवावे लागले, हा योग गोंदियाच्या वाचकास तरी चुकणार नाही.

आश्वासनाचे काय झाले? एकूण ४७६ नाविकांना नौदलातून काढण्यात आले. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते परत घेतले जातील ही अपेक्षा भारतातही पुरी झाली नाही आणि पाकिस्तानातही नाही. एम. एस. खान व मदनसिंग ह्यांचे नेतृत्व ज्या एका नौदलात झाले त्याची फाळणीने दोन शकले झाली होती, आणि शिस्तभंग केलेल्यांना परत घेऊ नये ह्या एका बाबतीत ती दोन्ही शकले एकमताने वागली. ह्यामागचा तर्क उघड आहे. स्वतंत्र देशाच्या नौदलाने जुन्या नौदलाचा शिस्तीचा कायदा वारशाने घेतला. त्या कायद्याच्या शब्दकोशात ‘संप’ पूर्वीही नव्हता व नंतरही आला नाही. कारणे खरी होती असे मान्य करूनही कृती अक्षम्य ठरविता येते, आणि तशी ती ठरविली गेली.

दत्त पुढे मुंबईत पत्रकारिता व जाहिरातक्षेत्रात गेला. त्याने आपल्या आठवणी १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या आणि त्यांच्या शीर्षकात ‘निष्पापांची म्युटिनी’ असा शब्दयोग केला. समितीने नाकारलेला शब्द सहभागी नाविकाने पंचवीस वर्षांनी स्वतःच उचलला, तो विशेषण लावून. त्यापूर्वीच, १९६५ मध्ये, उत्पल दत्त ह्यांनी कलकत्त्याच्या रंगभूमीवर ह्या घटनेवर ‘कल्लोल’ हे नाटक आणले होते, आणि त्याच वर्षी त्यांना अटक झाली होती.

सन १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची योजना आली. १९८० मध्ये तिला ‘सन्मान’ योजनेचे रूप मिळाले. पात्र चळवळींच्या तिच्या यादीत १९४६ च्या घटनेचा समावेश झाला, तो मात्र ‘नौदलातील म्युटिनी’ ह्याच नावाने. ज्या शब्दाने १९४६ मध्ये नोकरी गेली तोच शब्द आता निवृत्तिवेतनासाठी दाखवावयाचा झाला. बडतर्फीचा कागद, जो कोणत्याही नोकरीच्या अर्जास जोडता येत नव्हता, तो ह्या एका अर्जास पुरावा म्हणून जोडावा लागे. त्या अवधीत बरीच वर्षे लोटली होती, आणि ज्यांनी कागद लाजेने किंवा रागाने फाडून टाकला होता त्यांना सिद्ध करण्यास काही उरले नव्हते.

नौदलाचा पवित्रा त्यानंतर हळूहळू बदलला. कुलाब्यात स्मारक उभे राहिले. २६ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर १९४६ ची घटना दाखविण्यात आली, आणि त्या वेळी तिच्यासाठी ‘उठाव’ हा शब्द वापरला गेला. ‘उठाव’ हा तडजोडीचा शब्द आहे. त्यात बंडाचा गुन्हा नाही आणि संपाच्या मागण्याही नाहीत. कोणाविरुद्ध व कशासाठी उठले हे तो सांगत नाही. म्हणूनच सरकारी संचलनात तो निर्धास्तपणे मिरवू शकतो.

नौदलात नावांची परंपरा काटेकोरपणे जपली जाते. कुलाब्याच्या त्या शाळेचे ‘तलवार’ हे नाव स्वातंत्र्योत्तर काळात एका फ्रिगेटला आणि पुढे २००३ मध्ये दुसऱ्या फ्रिगेटला देण्यात आले. मदनसिंग व बलाईचंद दत्त ह्यांची नावेही नौदलाने आपल्या ताफ्यात घेतली आहेत. ती मोठ्या नौकांना धक्क्याशी ओढून आणणाऱ्या दोन टगबोटींना दिलेली आहेत.